कोलाहलातील साधना : खानदेशच्या इतिहासातील एक धडा

मनाला स्वस्थता हवी असेल तर मनुष्याने गाव सोडावे, माणसांची गर्दी सोडावी आणि एखाद्या डोंगराच्या कुशीत अथवा नदीच्या काठी जाऊन बसावे, असा समज आपल्याकडे पूर्वापार रूढ आहे. आणि आज, जेव्हा रस्त्यावरील वाहनांचे कर्णे, लग्नकार्यातील ध्वनिवर्धक आणि खिशातल्या मोबाइलवर येणारे अखंड निरोप यांनी दिवसाचा एकही प्रहर मोकळा ठेवलेला नाही, तेव्हा तो समज अधिकच बळावला असल्यास नवल नाही. तथापि खानदेशाचा, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या मुलखाचा, गेल्या दोन शतकांचा इतिहास सावकाश चाळून पाहिला तर त्यातून एक निराळाच निष्कर्ष हाती येतो. या मुलखात शांतीची जी ठाणी उभी राहिली त्यांतील बहुतेक भर वस्तीत, गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, कोर्टकचेरीच्या वाटेवर, आणि एक तर प्रत्यक्ष तुरुंगाच्या भिंतींआड उभे राहिले. त्या ठाण्यांची ही हकीकत आहे.

खानदेशाला एकांत असा कधी लाभलाच नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची आणि सातमाळ्याची रांग, आणि मध्ये तापीच्या काळ्याभोर जमिनीचा सखल पट्टा, अशी या प्रांताची रचना असल्यामुळे हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या आणि दक्षिणेतून सुरतेच्या बंदराकडे जाणाऱ्या प्रत्येक लमाणाचा तांडा, प्रत्येक व्यापाऱ्याचा काफिला आणि प्रत्येक सरदाराची फौज येथूनच गेली. १६०१ साली असीरगड पडला आणि फारुकी सुलतानांचा हा मुलूख अकबराच्या राज्यात सामील झाला. पुढे मराठ्यांचा, निजामाचा आणि पुन्हा मराठ्यांचा अंमल येथे आला आणि गेला. ज्या भूमीवरून सत्तेचे रथ इतक्या वेळा फिरले, तेथील सामान्य रयतेला मनःस्वास्थ्यासाठी दूर कोठे जाण्याची सवड नव्हती आणि सोयही नव्हती. जे काही मिळवायचे ते धामधुमीत राहूनच मिळवणे तिला भाग होते.

या प्रांताची अगदी जुनी धर्मस्मृतीसुद्धा हेच सांगते. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे आणि तेथून जवळच, पूर्वीच्या एदलाबाद आणि आताच्या मुक्ताईनगर तालुक्यात, मेहूण आणि कोथळी येथे मुक्ताबाईची स्थाने आहेत. चौदाशे वर्षे तपाचरण करून सिद्धी मिळवलेला योगी म्हणून ज्याची ख्याती सांगितली जाते, त्या चांगदेवाला वयाने अगदी कोवळ्या असलेल्या मुक्ताबाईने उपदेश केला आणि तो तिचा शिष्य झाला, ही कथा वारकरी संप्रदायाने सातशे वर्षे जतन केली आहे. दीर्घ एकांतवासाने चांगदेवाला सामर्थ्य दिले, परंतु शांती दिली नाही. ती त्याला मिळाली, लोकांनी वाळीत टाकलेल्या आणि त्या लोकांमध्येच राहिलेल्या एका कुटुंबातील मुलीकडून. मुक्ताबाई शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, तापीच्या काठी अंतर्धान पावली, असे परंपरा मानते. आषाढी वारीसाठी पंढरीस येणाऱ्या मानाच्या पालख्यांमध्ये तिच्या पालखीचा मार्ग सर्वांत लांब पल्ल्याच्या मार्गांपैकी एक होय. ऐन उन्हाळा सरण्यापूर्वी निघून खानदेश, विदर्भाची सीमा आणि मराठवाडा ओलांडीत ही माणसे टाळमृदंगाच्या घोषात चालत जातात. वारी ही शांततेची नव्हे, शांतीची साधना आहे, आणि तिच्या जिवावर कित्येक पिढ्यांनी दुष्काळ, कर्ज आणि मरणे सोसली.

या गोष्टीचा ऐतिहासिक काळातील पहिला ठळक पुरावा अमळनेरास सापडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी खानदेशाने जे भोगले, तसे त्याने क्वचितच भोगले असेल. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटून उजाड केला; त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला; पुढे पेंढाऱ्यांच्या टोळ्या, पगार न मिळाल्याने बिथरलेले अरब शिबंदीवाले आणि डोंगरातून उतरणारे भिल्ल नाईक यांच्या धास्तीने गावेच्या गावे ओस पडली. याच काळात बोरी नदीच्या काठी अमळनेर येथे संत सखाराम महाराजांनी विठ्ठलभक्तीची परंपरा रुजवली, अन्नदान चालू ठेवले आणि पंढरीच्या वारीचा नेम मोडू दिला नाही. वैशाख महिन्यात, शके १७४० मध्ये म्हणजे १८१८ साली, त्यांनी समाधी घेतली. ते वर्ष पेशवाई बुडाल्याचे आणि खानदेशात कंपनी सरकारचा अंमल बसल्याचे वर्ष होय. राज्य बदलले, वसूल बदलला, मामलेदाराचा शिक्का बदलला. परंतु अमळनेरच्या वाडी संस्थानाचा वैशाखी उत्सव, एकादशीचा रथ आणि बोरीच्या वाळवंटात भरणारी यात्रा ही वहिवाट दोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. ज्या नेमाला राज्यक्रांतीही मोडू शकली नाही, तो नेम म्हणजेच त्या काळच्या भेदरलेल्या माणसांचा खरा आसरा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

कंपनी सरकारच्या अमलात लुटालूट थांबली आणि तिच्या जागी एक नव्या जातीची धावपळ आली. खानदेशचे पहिले पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे ठाण्याचे गाव ठरवून तेथे सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथून इंग्लंडास जाणारा कापूस अडला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळपर्यंत येऊन पोचले. त्यानंतर जळगावाचे रूप पार पालटले: सरकी काढण्याची जिने, गासड्या बांधण्याची दाबयंत्रे, आडतदारांच्या पेढ्या, दलालांच्या बोली, हुंड्यांचे व्यवहार आणि बैलगाड्यांच्या रांगा यांनी ते गजबजून गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात तेथे कापडाची गिरणीही उभी राहिली. १९०६ साली सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले आणि जळगाव हे पूर्व खानदेशचे सदर ठाणे झाले. घड्याळ, भोंगा आणि आगगाडीची वेळ यांच्या हुकमतीत जगण्याची जी रीत आज आपणास त्रास देते, तिची खानदेशातील पायाभरणी याच काळात झाली. शेतकऱ्याचा दिवस पूर्वी सूर्यावर चालत असे; आता तो मुंबईच्या आणि मुंबईपलीकडल्या बाजारभावावर चालू लागला, आणि भावाची चिंता सूर्यास्तानंतरही संपत नाही.

अशा या नव्या धामधुमीतून निघालेला अत्यंत विचार करण्याजोगा प्रयोग पुन्हा अमळनेरचाच आहे. श्रीमंत प्रताप शेठ हे तेथील मोठे उद्योगपती; त्यांच्या कापडगिरणीने त्या तालुक्याच्या गावाला औद्योगिक नगराचे स्वरूप दिले. परंतु गिरणी चालवणाऱ्या या गृहस्थाच्या चित्ताला वेदान्ताची ओढ होती, आणि ती त्यांनी वैयक्तिक देवपूजेपुरती न ठेवता १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर या नावाची संस्था स्थापन केली. अद्वैत वेदान्ताचा मुख्यतः, आणि त्याच्या जोडीने पाश्चात्त्य दर्शनांचा, शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, त्यासाठी तरुण पदवीधरांना शिष्यवृत्ती, निवास आणि ग्रंथालय मिळावे आणि उपजीविकेच्या चिंतेने त्यांचे चिंतन खंडित होऊ नये, अशी तिची योजना होती. घनश्यामदास रतनमल मलकानी यांनी या संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखे पुढे नामांकित झालेले अभ्यासक येथे राहून गेले. बंगालचे थोर तत्त्वचिंतक कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनीही १९३० नंतरच्या दशकात काही काळ येथे काढला. आणि येथून निघणारे इंग्रजी तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिक देशभरच्या विद्यापीठांत वाचले जाई. बोरीकाठच्या एका गिरणीच्या गावात, जेथे पाळी बदलल्याचा भोंगा ऐकून लोक आपले व्यवहार ठरवीत, तेथेच अज्ञानाचे स्वरूप काय आणि आत्मज्ञानाने दुःखनिवृत्ती कशी होते, याचा खल वर्षानुवर्षे चालावा, ही घटना या देशाच्या औद्योगिक इतिहासात विरळा आहे.

धुळ्यासही याच वृत्तीचे एक कार्य शांतपणे चालले होते. शंकर श्रीकृष्ण देव हे तेथील वकील. वकिलाचा पेशा म्हणजे वाद, साक्षीपुरावे, तारखा आणि पक्षकारांची चिंता. पण १८९३ साली त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ रामदासांचे व त्यांच्या शिष्यसंप्रदायाचे वाङ्मय गोळा करण्यासाठी गावोगावचे मठ पालथे घातले. वाळवीच्या तोंडातून सोडवलेली ती बाडे आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीही आपल्या संशोधनाच्या अखेरच्या पर्वासाठी धुळेच निवडले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच देह ठेवला. त्यांच्या संग्रहातून दुसऱ्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. कचेरीच्या कामाला जुंपलेल्या माणसाने एखाद्या मोडी बाडावर, एकेका अक्षराचा निकाल लावीत, तासन् तास बसणे, ही चित्त एकाग्र करण्याची जपाहून कमी प्रतीची रीत नव्हे.

परंतु ज्या प्रसंगाने धुळ्याचे नाव अवघ्या देशाच्या आध्यात्मिक इतिहासात कोरले गेले, तो घडला १९३२ साली आणि तोही तेथील कारागृहात. त्या वर्षाच्या आरंभी कायदेभंगाची चळवळ पुन्हा उसळली, महात्माजींसह शेकडो पुढारी गजाआड गेले आणि धुळ्याचा तुरुंग सत्याग्रह्यांनी भरून गेला. तेथे आले विनोबा भावे, वय वर्षे छत्तीस. तेथे होते जमनालाल बजाज. आणि तेथे होते साने गुरुजी. गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिकवीत होते, त्याआधी काही काळ ते तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी राहिले होते आणि १९३० साली शिक्षकी सोडून त्यांनी चळवळीत उडी घेतली होती. तुरुंग म्हणजे एकांत, अशी बाहेरच्याची कल्पना असते. ज्याने एका बराकीत पन्नास माणसांबरोबर रात्री काढल्या आहेत, त्याला ठाऊक असते की तेथे एकांताइतकी दुर्मीळ वस्तू दुसरी नाही. घरच्या काळज्या, सुटकेच्या अफवा, वॉर्डरांची दटावणी, खाण्यावरून कुरबुरी, पक्षोपपक्षांचे वाद आणि तरुण रक्ताला असह्य होणारे रिकामपण, या सर्वांचा गलबला तेथे अष्टौप्रहर चालू असतो.

या गलबल्यात सोबत्यांच्या आग्रहावरून विनोबांनी गीतेवर बोलण्याचे कबूल केले. रविवार, २१ फेब्रुवारी १९३२ रोजी पहिल्या अध्यायावर पहिले प्रवचन झाले, आणि त्यानंतर दर रविवारी एक अध्याय, या क्रमाने १९ जून रोजी अठरावा अध्याय पूर्ण झाला. मध्ये एकही रविवार चुकला नाही. खानदेशचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याने या तारखांकडे पुन्हा एकदा पाहावे: ते चार महिने म्हणजे दगडी भिंती रात्रीही तापलेल्या राहाव्यात, असे दिवस. ऐकणारे पंडित नव्हते. शेतकरी होते, व्यापारी होते, शाळकरी वयाची पोरे होती. म्हणून भाषा साधी, दृष्टान्त शेताचे, स्वयंपाकघराचे आणि आईमुलाचे. आणि समोर बसून साने गुरुजी आपल्या वेगवान लेखणीने प्रत्येक वाक्य टिपून घेत होते. त्यांनी ते लिहून घेतले नसते तर ती प्रवचने तुरुंगाच्या भिंतींतच विरली असती. त्यांनी लिहिले म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला आणि भारताच्या बहुतेक भाषांत पोचला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे प्रवचन २७ मार्चचे, सहाव्या अध्यायावरचे होय. चित्त स्थिर कसे करावे, हा त्याचा विषय. विनोबांनी त्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या: चित्ताची एकाग्रता, तिला पोषक अशी जीवनाची परिमितता, आणि सर्वत्र मंगल पाहणारी समदृष्टी. यातील मधली गोष्ट आपण सहसा विसरतो. एकाग्रता साधण्याचे वर्ग आज शहरोशहरी भरतात. परंतु ज्याच्या खाण्याला, बोलण्याला, ऐकण्याला, पाहण्याला आणि मिळवण्याला काहीच माप उरलेले नाही, त्याने डोळे मिटून घेतले तरी दिवसभर आत ओतलेला कोलाहल त्याला आतूनच ऐकू येतो. दिवसाला माप घाला, मग मनाला वळण लागेल, हा त्या प्रवचनाचा इत्यर्थ आहे. आणि ज्यांना दिवसाचे माप तुरुंगाच्या घंटेने सक्तीने घालून दिले होते, त्यांना ते माप स्वेच्छेने स्वीकारण्याची ही शिकवण किती जवळची वाटली असेल, याची कल्पना करता येते.

आणि ही शिकवण नुसती शब्दांची नव्हती. सक्तमजुरीच्या कैद्यास त्या काळी बहुधा दळण असे. जाते म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही अशी पिढी आता मोठी झाली आहे, म्हणून थोडे सांगतो. खाली स्थिर तळी, तिच्या मध्यभागी खुंटी, वर फिरणारी पाळी आणि तिच्या कडेला ठोकलेला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा धरून पाळी ओढायची, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य वैरायचे. मूठ मोठी झाली तर पीठ भरड निघते, लहान झाली तर दगडावर दगड घासून पिठात कच येते, आणि लक्ष उडाले तर हाताची लय मोडून दम लागतो. विनोबांनी हे जाते शिक्षा म्हणून ओढले नाही; ते त्यांनी साधन म्हणून हाती घेतले आणि सोबत्यांसही घ्यायला लावले. बाहेरचे कर्म आणि त्यात ओतलेले मन यांचा मेळ पडला की कर्माचे ओझे उरत नाही, हा गीतेचा जो अर्थ ते रविवारी सांगत, त्याचा अभ्यास उरलेले सहा दिवस जात्यावर होत असे.

त्याच वर्षांत, धुळ्याहून फार दूर नसलेल्या जळगावात, एक शेतकरी स्त्री रोज पहाटे हेच जाते ओढीत होती. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, जळगावच्या चौधरी कुटुंबात दिलेल्या, तरुणपणीच वैधव्य आलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंनी दळताना, शेतात खपताना आणि चुलीपुढे बसून ज्या ओव्या रचल्या, त्या त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या आणि महाराष्ट्र चकित झाला. मन हे किती चंचल आणि आवरायला किती अवघड, हा विषय त्यांनी आपल्या खानदेशी बोलीत असा मांडला की तत्त्वज्ञान मंदिरातील विद्वानांनीही तो समोर ठेवून विचार करावा. बहिणाबाईंनी विनोबांची प्रवचने ऐकली नव्हती आणि विनोबांना तेव्हा बहिणाबाई ठाऊक नव्हत्या. तरीही दोघांच्या हाती एकच खुंटा असावा, यातच या मुलखाच्या साधनेचे मर्म आहे. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे, आणि ते अगदी यथायोग्य आहे.

येथे एक गोष्ट दडवून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या साने गुरुजींच्या लेखणीने ही प्रवचने वाचवली, त्यांनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. लाखो मुलांना माया शिकवणाऱ्या, अस्पृश्यांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण करणाऱ्या त्या कोमल पुरुषाच्या मनात काय चालले होते, याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र त्यावरून एवढे तरी शिकावे की शांती ही एकदा ऐकून किंवा लिहून कायमची कमावता येणारी ठेव नव्हे, आणि जो इतरांचे अश्रू पुसतो त्याचीही विचारपूस कोणीतरी करावी लागते. वारीने, यात्रेने आणि तुरुंगातल्या त्या रविवारच्या बैठकीने माणसांना जे दिले, त्यात संगतीचा वाटा उपदेशाइतकाच मोठा होता. एकट्याने झुंजणाऱ्या मनाला माणसांत आणून बसवणे, हेही धर्मकृत्यच आहे.

या सर्व ठिकाणी समान असे काय होते, याचा विचार केला तर चार गोष्टी दिसतात: ठरलेली वेळ, मापात ठेवलेले जगणे, मन लावून केलेले हातचे काम आणि सोबतीला माणसे. यांतील एकीलाही मोठे द्रव्य लागत नाही, रजा घ्यावी लागत नाही, आणि हिमालयाची वाट तर मुळीच धरावी लागत नाही. आज धुळ्यावरून आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता रात्रंदिवस वाहतात, जळगावच्या बाजारपेठेची वर्दळ शंभर वर्षांपूर्वीच्या कितीतरी पट झाली आहे, आणि आमच्या लहान मुलांनाही निवांत बसणे ठाऊक राहिलेले नाही. हा कोलाहल आपल्या सांगण्याने थांबणार नाही. १८०२ साली तो थांबला नाही आणि १९३२ सालीही थांबला नाही. म्हणून खानदेशच्या वाचकांना माझी कळकळीची विनंती एवढीच की आठवड्यातला एक ठरावीक तास घरातल्या सर्वांनी मिळून बाजूला काढावा, त्या तासात मोबाइल बंद ठेवावेत, एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी हातात निवडण्याचे धान्य, शिवण किंवा सूत घेऊन ऐकावे, शेजारच्या एखाद्या एकट्या माणसालाही बोलवावे, आणि कितीही अडचण आली तरी तो तास चुकवू नये. धुळ्याच्या कैद्यांना अठरा रविवार पुरले. आपण निदान येत्या रविवारी आरंभ तरी करावा.